तात्यांचा डफ

आमच्या जुन्नर-आंबेगावकडची पुष्कळ माणसं मुंबईत डबे वाहायला गेली. माझे चुलते तात्याही त्यातलेच. डब्यांची पाटी उतरली की ते गिरणगावात गाणी ऐकायला जायचे. लाल बावटा कलापथक म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर या तिघांनी १९४४ साली ते पथक उभं केलं. पोवाडा, लावणी, छक्कड, चाली सगळ्या गावाकडच्याच. पण गाण्यात गिरणीतला अन् शेतातला माणूस. तमाशात आधी गणपतीचा गण व्हायचा, अण्णा भाऊंनी तिथं मातृभूमीला आणि कामगाराला वंदन केलं. तात्या म्हणायचे, "आरं, आपलंच दुखणं आपल्याच चालीत ऐकलं, की माणूस ताठ व्हतो."

पुढं सरकारनं बंदी घातली, पथक फार वर्षं चाललं नाही. १९६९ च्या जुलैत अण्णा भाऊ गेले, ऑगस्टात अमर शेख.

जे टिकलं नाही, त्याला मोठं म्हणावं का? मी शेतकरी माणूस. बाजरी तीन महिन्यांत काढणीला येते, आंबा दोन पिढ्या उभा राहतो. म्हणून बाजरीला कुणी हलकं म्हणत नाही. पोट तिच्यावरच भरतं. गाण्याचंही तसंच. पथक किती वर्षं चाललं यापेक्षा ऐकणाऱ्याला ते किती वर्षं पुरलं, हे मोजावं. तात्यांना ते जन्मभर पुरलं.

पण एवढं म्हणून मला सुटता येत नाही.

तात्या गावी आले ते डफ घेऊन. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात बैलांपाशी बसून गायचे. मूळ गाण्यात स्वतःच्या ओळी घालायचे. व्यापाऱ्याचा भाव, आटलेली विहीर, सगळं त्यात यायचं. पुढं आमच्या बहिणीच्या लग्नात मी नवाकोरा टेप आणला होता. तात्यांनी डफ काढला, तसा मी चारचौघांत म्हणालो, "तात्या, बसा आता. टेप लावलाय."

ते काही बोलले नाहीत. डफ पिशवीत घातला आणि पंगतीत वाढायला गेले. त्यानंतर माझ्यासमोर ते कधी गायले नाहीत.

सरकारनं बंदी घातली, असं आपण म्हणतो. एक बंदी मीही घातली होती.

आता नातू मोबाईलवर अमर शेखांचा आवाज लावतो. अंगावर काटा येतो. पण तात्यांनी घातलेल्या ओळी त्यात नाहीत, त्या कुठंच नाहीत. गाण्याची कदर म्हणजे गाणारा समोर आहे तोवर गप बसून ऐकणं, हे मला उशिरा कळलं.

टेप केव्हाच भंगारात गेला. डफ माळ्यावर आहे. चामडं सैल पडलंय, पण जाळावर धरला की अजून बोलतो. वाजवायला मात्र मी कधी शिकलो नाही.