काळावर घातलेला आळ

ओसाड पडलेले गाव पाहिले की आपण चटकन म्हणतो, काळापुढे कोणाचे काय चालते? या उद्गारामागे मोठी धर्मपरंपरा उभी आहे. माणसाने उभारलेले सारे एक दिवस मातीला मिळते, आणि हे उमजले की वैराग्याची सुरुवात होते. ही शिकवण मी खरी मानतो. पण ओसाड गावासमोर ती ज्या घाईने उच्चारली जाते, त्या घाईत अन्याय दडलेला आहे. उत्तर चिलीतल्या अटाकामा वाळवंटात तो स्पष्ट दिसतो.

इथे जमिनीतून नायट्रेट निघे. त्याचे शेतांना खत होई आणि तोफांना दारू. त्याच्याच पायी १८७९ मध्ये चिलीचे पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध पेटले आणि हा सारा पट्टा चिलीच्या हाती गेला. त्या पट्ट्यातले, इकीके बंदराच्या पूर्वेचे हम्बरस्टोन हे गाव १९६० मध्ये बंद पडले. पाऊस जवळजवळ नसल्यामुळे इथे लाकूड कुजत नाही. नाटकगृह, कंपनीचे दुकान, कामगारांच्या खोल्यांच्या रांगा अजून उभ्या आहेत. वाऱ्याने आणि खाऱ्या हवेने नासधूस केली हे खरे, पण लाकूड आणि पत्रे उचलून नेणाऱ्या माणसांचाही तिच्यात हात आहे. म्हणजे वस्ती उठली तेव्हा काळाने गावाला फारसे शिवलेही नव्हते. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत रसायनशास्त्रज्ञ हाबरने १९०९ मध्ये दाखवली, १९१३ मध्ये जर्मनीत तिचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे त्या अमोनियापासून बनलेल्या खतामुळे खाणीतल्या नायट्रेटचा भाव पडला. गावे रिकामी झाली ती बाजाराच्या हिशेबाने.

कोणी म्हणेल, यात दोष कोणाचा? नवा शोध लागला की जुना धंदा बसणारच. हे मान्य. पण धंदा बसण्याआधीचे काय? कामगारांना मजुरी बिल्ल्यांत मिळे, आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालत. १९०७ च्या संपातल्या मागण्या पाहिल्या की त्या जगण्याचे रूप कळते: बिल्ल्यांचे पूर्ण पैसे मिळावेत, दुकानातली मापे तपासता यावीत, उकळत्या कढयांवर जाळ्या बसवाव्यात, म्हणजे माणसे आत पडणार नाहीत. त्या वर्षी २१ डिसेंबरला इकीकेच्या सांता मारिया शाळेत जमलेल्या संपकऱ्यांवर सैन्याने गोळ्या झाडल्या आणि शेकडो माणसे मेली. कढईवर जाळी नसणे ही काळाची करणी नव्हे. जाळीला पैसे पडतात, म्हणून कोणीतरी ती बसवली नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. मुमुक्षूला या तपशिलांचे काय? सारे नश्वर आहे एवढे कळले की पुरे, कारणे इतिहासकारांनी शोधावीत. पण ज्या परंपरेने अनित्यतेचा विचार सर्वांत नेटाने केला, तिनेच हे उत्तर नाकारले आहे. बुद्धाने दुःख आहे एवढेच सांगितले नाही. त्याला कारण आहे, हे दुसरे आर्यसत्य लगेच पुढे ठेवले. जे उपजते ते कारणांनी उपजते आणि कारणे सरली की सरते, असे ही दृष्टी सांगते. कारणे गाळली तर अनित्यता निव्वळ हतबलता होते, आणि ती हतबलता कंपनीच्या मालकाला फार सोयीची असते.

म्हणून ओसाड गावासमोर वैराग्य जरूर यावे, पण ते चौकशीनंतर यावे. इथे कोण राबले, कशाच्या मोबदल्यात राबले, कोणाच्या निर्णयाने उठले, हे विचारल्याशिवाय केलेला नश्वरतेचा उपदेश मेलेल्यांवर दुसऱ्यांदा माती लोटतो. जे काळाने केले ते काळाच्या पदरात घालावे. जे माणसांनी केले त्याचा जाब माणसांनाच विचारावा. एवढा विवेक नसेल तर त्या वैराग्यात करुणा उरत नाही, आणि करुणेवाचूनचे वैराग्य मी धर्म मानत नाही.