एका कीटकासाठीं

कीटकाचें जीवित तें केवढें, आणि त्याचा विचार तो किती करावयाचा, असें आपण सहज बोलून जातों. परंतु नीतिशास्त्रांतला एक फार अवघड प्रश्न गेल्या कांहीं वर्षांत एका कीटकानेंच उभा केला आहे. तो आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस सुमारें ६०० किलोमीटरांवर लॉर्ड हाव नांवाचें एक लहानसें बेट आहे. तेथें बिनपंखांचा, काळा, १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा एक काडीकिडा विपुल आढळे. मासे धरणारे त्याचा गळाला आमिष म्हणून उपयोग करीत. १९१८ सालीं मकाम्बो नांवाची आगबोट बेटाच्या किनाऱ्यावर रुतली आणि तिच्यांतील उंदीर जमिनीवर उतरले. थोड्याच वर्षांत हा किडा बेटावरून नाहींसा झाला, आणि कित्येक स्थानिक पक्षीही त्याच वाटेनें गेले. पुढें जवळच्या बॉल्स पिरॅमिड नांवाच्या ओसाड सुळक्यावर, २००१ सालीं, एका झुडपाच्या आश्रयानें जगत असलेले थोडके किडे सांपडले. २००३ सालीं त्यांतील दोन जोड्या आणल्या; मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयांतील जोडीपासून पुढें हजारोंनीं संतति झाली. हे किडे व बेटावरचे जुने किडे एकाच जातीचे होत काय, हाही संशय होता. संग्रहालयांत जपलेल्या जुन्या नमुन्यांची आनुवंशिक द्रव्यें ताडून पाहून शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं तो फेडला.

या किड्याचा वंशेतिहास तर त्याहून विस्मयकारक आहे. न्यू गिनींत अगदीं ह्याच्या धाटणीचे दांडगे काडीकिडे आहेत. रूप पाहून त्यांस सख्खे भाऊ समजत. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तें नातें खोटें ठरविलें: सारख्या राहणीनें दोन निराळ्या कुळांस सारखें रूप आलें होतें. शिवाय हा वंश दोन कोटी वर्षांहून जुना, आणि बेट मात्र सुमारें सत्तर लाख वर्षांचें. अर्थात् आज समुद्राखालीं गेलेल्या जुन्या बेटांवरून हे जीव एकामागून एक बेट गांठीत आले असले पाहिजेत. बेटें बुडालीं, वंश टिकला. आणि एका बोटीनें तो जवळजवळ संपविला.

आतां प्रश्न येतो तो असा. बेटावर जुनी जीवसृष्टि पुन्हा नांदावयाची तर उंदीर नाहींसे होणें अवश्य. म्हणून २०१९ सालीं बेटभर विषारी आमिष टाकण्यांत आलें. तत्पूर्वीं बेटवासीयांत वर्षानुवर्षें वाद माजला होता. मुंगीच्या वाटेंतून पाऊल बाजूस घेणें हा ज्या समाजांत धर्म मानिला जातो, त्या आपल्या समाजांतील वाचकास हें सहज पटणार नाहीं. उंदरास वेदना होते. ‘जाती’स ती होत नाहीं. जाति ही तर कल्पना. तिच्या रक्षणासाठीं जित्या जिवांचे प्राण घ्यावे काय?

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. जातीस दुःख नाहीं, हें खरें. तथापि एक व्यक्ति मरते तेव्हां एक आयुष्य संपतें. जाति मरते तेव्हां पुढें होऊं शकणारीं सर्व आयुष्यें एकदम बंद होतात, आणि तें दार मनुष्यास पुन्हा उघडतां येत नाहीं. उंदरांची जाति तर जगभर पसरलेली आहे. एका बेटावरून गेल्यानें तिचा वंश खुंटत नाहीं. म्हणून, दोन्ही पारडीं तोलतां, आमच्या मतें तें कृत्य समर्थनीय ठरतें.

परंतु समर्थनीय तें निर्मळ असतेंच असें नाहीं. उंदीर आपण होऊन बेटावर आले नव्हते. मनुष्याची बोट त्यांस घेऊन आली. अपराध आपला, आणि प्रायश्चित्त मात्र भोगिलें उंदरांनीं! प्रायश्चित्त ज्याचें त्यानें घ्यावयाचें असतें. दुसऱ्याच्या प्राणांनीं तें फेडूं पाहणें म्हणजे एका ऋणासाठीं दुसरें ऋण काढणें होय. तें ऋण फेडण्याचा मार्ग एकच: पुन्हा तशी पाळी येऊं न देण्याचें कष्ट स्वतः सोसणें. २०२१ सालीं बेटावर पुन्हा उंदीर दिसले आणि शोध नव्यानें सुरू करावा लागला. बेटास येणारा माल, बोट व विमान सतत तपासणें हें कंटाळवाणें काम खरें, परंतु नीति तेथेंच आहे. विष टाकण्यांत नाहीं.

आणि हा किडा तरी भाग्यवानच म्हणावयाचा. शास्त्रानें आजवर सुमारें दहा लक्ष कीटकजातींस नांवें दिलीं आहेत. अद्याप बिननांवाच्या जाती त्याहून कित्येक पट असाव्यात असा अंदाज आहे. त्यांतील कोणी गेली तर तिचा शोध घ्यावयास सुळका चढून कोण जाणार? ज्याचें नांव आपणांस ठाऊक नाहीं, त्याचेंही आपण कांहीं लागतों, असें मानणें हाच आम्हांस या प्रकरणाचा बोध वाटतो. दया ही दिसणाऱ्या जिवापुरती असते. जबाबदारी मात्र न दिसणाऱ्यापर्यंत पोहोंचली पाहिजे.