परक्या नगरातील झाडे

बाबेलात नेलेल्या बंदिवानांना वाटे, आज ना उद्या परतायचे आहे. मग येथे जीव कशाला गुंतवायचा? परंतु यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्राने कळविले की, त्यांनी तेथेच घरे बांधावीत, बागा लावाव्यात, संसार थाटावेत आणि त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करावी (यिर्मया २९).

गुस्टाव्ह हर्मन क्रुम्बिगेल हे १८६५ साली जर्मनीत जन्मले. १८९३ मध्ये ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात उद्यानांच्या कामासाठी आले आणि १९०८ मध्ये बंगळूरच्या लालबागेत रुजू झाले. एका जातीचा बहर ओसरताच दुसरीचा यावा, अशा रीतीने त्यांनी रस्त्यांकडेची झाडे योजिली. पुढे दुसऱ्या महायुद्धात केवळ जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. ज्या देशाला सावली दिली, तेथेच ते परके ठरले! तरी अखेर त्यांनी बंगळूरलाच आपले मानले. १९५६ मध्ये तेथेच ते निवर्तले.

त्यांचे अंतःकरण प्रभू जाणतो. पण त्यांची झाडे आपणाला प्रश्न विचारतात. पोटासाठी आपल्यापैकी कितीतरी जण परप्रांती राहतात. आपण घर सांभाळतो, मंडळीत वर्गणी देतो. परंतु शेजाऱ्याची भाषा शिकलो काय? त्या नगरासाठी गुडघे टेकले काय? मान मिळत असता सेवा करणे सोपे आहे. परके म्हणून लोटल्यावरही ती करीत राहणे कठीण. ज्या यरुशलेमेने प्रभूला वेशीबाहेर नेऊन खिळले, तिच्यासाठीच तो रडला होता. आपण त्याचेच शिष्य आहोत ना?