सोफ्यावर कोणी बसायचं?

मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी ‘मी कोण?’ या प्रश्नात आयुष्यं घालवली. माझं आयुष्य ‘मी कुठे बसू?’ या प्रश्नात गेलं. पहिला प्रश्न सोडवायला निदान हिमालयात तरी जाता येतं. दुसरा मात्र भर बाहेरच्या खोलीत, घरच्या सात माणसांदेखत उभा राहतो. आणि तो सुटेपर्यंत आपणही उभेच.

आमच्या लहानपणी बसणं फार सोपं होतं. जेवायला पाट, अभ्यासाला सतरंजी, आल्यागेल्याला कॉट, आणि वडिलांना, म्हणजे अण्णांना, कापडी आरामखुर्ची. कॉटवर दिवसा धुतलेली चादर घातली की ती बैठक, आणि रात्री गादी उलगडली की शयनगृह. सोफा आम्ही पाहिला तो हिंदी सिनेमात. त्यावर नायिकेचा बाप गाऊन घालून पाइप ओढत बसलेला असे. त्यामुळे सोफा घ्यायचा तर आधी गाऊन, पाइप आणि एक गोल जिना लागतो, अशी माझी पक्की समजूत होती. पुढे कळलं की हा शब्द मुळात अरबी ‘सुफ्फा’, म्हणजे बसायचा ओटा! म्हणजे आपली ओटीच की हो. परदेशात जाऊन आली आणि भाव वाढला, एवढंच.

तर आमच्या डोंबिवलीच्या घरात पहिला सोफा आला तो १९८७ साली. सागवानी सांगाडा, आत काथ्या आणि स्प्रिंगा, वरून मरून रंगाचं रेक्झिन. रेक्झिन हे खरं तर इंग्लंडातल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. पण आपल्याकडे एकदा नाव पडलं की पडलं. सोफा घरात आला आणि त्याच जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. दर रविवारी सकाळी आख्खा मजला आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत. पोरं सोफ्याच्या हातांवर, पाठीवर आणि एकमेकांवर. तिसऱ्या रविवारी सौभाग्यवतींनी सोफ्याला जाड कापडाचं कव्हर शिवलं. ते मळू नये म्हणून त्यावर चादर आली. चादर सरकू नये म्हणून टर्किश टॉवेल आले. आणि एवढं सगळं चुरगळू नये म्हणून आम्ही सगळे खाली सतरंजीवर, सोफ्याला पाठ टेकून बसू लागलो.

हसू नका. आपल्याकडच्या निम्म्या घरांत सोफा हा पाठ टेकायलाच असतो.

हा सोफा आम्ही अठरा वर्षं असा जपला. २००५ साली द्यायला काढला तेव्हा टॉवेल, चादर आणि कव्हर एकेक करून उचललं. तर आतलं रेक्झिन सुकलेल्या तळ्यासारखं भेगाळलेलं! रेक्झिन मऊ ठेवणारी द्रव्यं वर्षांगणिक उडून जातात. तुम्ही त्यावर बसा, नाहीतर त्याची पूजा करा. ज्याच्यावर कुणी बसू नये म्हणून आम्ही अठरा वर्षं पाठी वाकड्या करून घेतल्या, ते आतल्या आत, कुणाच्याही कामी न येता, म्हातारं होऊन मेलं होतं.

यातून शहाण्या माणसाने बोध घेतला असता. आम्ही दुसरा सोफा घेतला.

मधे बरीच वर्षं एका दिवाणावर गेली. मग २०१८ साली चिरंजीवांनी स्वतःच्या पगारातून हा दुसरा सोफा आणला. रंग दुधावरच्या सायीचा. कापड मखमलीसारखं; बोट फिरवलं की त्यावर आपली सही उमटे. घरात दोन लहान नातवंडं असताना सायीच्या रंगाचा सोफा आणणं म्हणजे गोठ्यात गालिचा घालणं. पण मुलगा हौसेने आणतो तेव्हा बापाने हिशेब मांडू नये. सोफा आला आणि महिन्याभरात घरातल्या बाकीच्या वस्तू गरीब नातेवाइकांसारख्या दिसू लागल्या. पडदे बदलले. टीपॉय बदललं. भिंतीवरचं कॅलेंडर स्वयंपाकघरात गेलं. आणि एके दिवशी अण्णांची आरामखुर्ची भंगारवाल्याकडे गेली. तिचं कापड विटलं होतं, एक पट्टी निखळली होती, आणि मुख्य म्हणजे ती ‘मॅच’ होत नव्हती. मीच हाताने खाली नेऊन दिली.

दिदरो नावाचा अठराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ याच फेऱ्यात सापडला होता. त्याला एक झकास नवा झगा मिळाला. जुन्या झग्याला तो लेखणीची शाई पुसायचा, पुस्तकावरची धूळ झटकायचा. नव्याला हात पुसायची छाती होईना. शिवाय नव्या झग्यापुढे खोलीतली प्रत्येक वस्तू भिकार दिसू लागली, म्हणून एकेक बदलत गेली. गवती खुर्ची जाऊन चामड्याची आली. १७६९ च्या सुमाराला त्याने जुन्या झग्याच्या आठवणीने हळहळून एक निबंध लिहिला. हे वाचून मला बरं वाटलं. पॅरिसच्या तत्त्वज्ञाची आणि डोंबिवलीच्या पेन्शनराची फसगत एकाच पद्धतीने व्हावी, हा केवढा मान! फरक इतकाच की त्याची फक्त खुर्ची गेली. आमच्याकडे खुर्चीत बसणारा माणूस मागे उरला होता.

अण्णा सोफ्यावर बसू लागले. वय शहाऐंशी, हाताला थोडा कंप. एका संध्याकाळी त्यांच्या हातून चहा सांडला. मोठं काही नाही, अर्धा कप. पण सायीवर चहा पडला की तो बशीभर दिसतो. सूनबाई हसतमुखाने ओलं फडकं घेऊन आली. सौ. म्हणाली, “असू द्या हो, अण्णा.” कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. फक्त मी म्हणालो, “अरेरे!”

एवढंच. तीन अक्षरं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्याच मनाने मला विचारलं की ते ‘अरेरे’ कुणासाठी होतं? चहा गरम होता. तो आधी अण्णांच्या मांडीवर पडला होता, मग सोफ्यावर. आणि आम्ही सगळ्यांनी आधी सोफ्याकडे पाहिलं होतं.

अण्णांना कमी ऐकू येतं; दिसायला मात्र अजून स्वच्छ दिसतं. दुसऱ्या दिवसापासून ते दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायला लागले. विचारलं तर म्हणाले, “इथे वारा बरा लागतो.” डिसेंबर महिना होता.

मी भंगारवाल्याकडे जाऊन आरामखुर्चीची चौकशी केली. तो हसला. “साहेब, त्याला दोन वर्षं झाली!”

आता तुम्ही म्हणाल, मग काय वस्तू जपूच नयेत? सांडा, फाडा, तोडा? छे! जपणं मी शिकलो तेच मुळी अण्णांकडून. त्यांनी एक छत्री बावीस वर्षं वापरली. दर मे महिन्यात ती छत्रीवाल्याकडे जायची. कधी कापड बदलायचं, कधी काड्या. शेवटी मूठ तेवढी मूळची उरली होती. पण पाऊस आला की ते छत्री उघडायचे. भिजेल म्हणून पिशवीत ठेवून स्वतः भिजत आले, असं कधी झालं नाही. ते वापरता यावं म्हणून जपत. आम्ही जपता यावं म्हणून वापरत नाही. दोन्ही दिसतात सारखीच काटकसर. पण पहिलीत वस्तू नोकर असते आणि दुसरीत घरमालक. आणि घरमालक म्हटला की डागाचा जाब विचारणारच.

गेल्या वर्षी मी ठरवलं, तिसरा सोफा आपण स्वतः निवडायचा. साय साडूंकडे गेली. त्यांच्या घरी दोघंच असतात आणि दोघंही चहा पीत नाहीत. मी गेलो उल्हासनगरला. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं हे गाव आज फर्निचरसाठी आमच्या बाजूला प्रसिद्ध आहे. दुकानात शिरून मी म्हटलं, “सोफा दाखवा.” मालक म्हातारे सिंधी गृहस्थ. म्हणाले, “सोफा बाद में. पहले बताओ, घर में बैठनेवाले कौन कौन हैं?”

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता! खोली केवढी, बजेट किती, भिंतीचा रंग कुठला, सगळं विचारतात. मी सांगितलं: सत्त्याऐंशीचे वडील, दोन वांड नातवंडं, आणि मधले आम्ही चौघं. गृहस्थांनी मान डोलावली आणि दुकानातला सगळ्यात देखणा सोफा ओलांडून मला आत घेऊन गेले.

त्या तासाभरात मी जे शिकलो ते तुमच्याही कामी येईल. सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलावा. दुसरा पुढचा पायही लगेच वर आला तर सांगाडा मजबूत, जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळतो आहे. बैठकीचा फोम ४० डेन्सिटीचा असावा, म्हणजे घनमीटरला ४० किलोचा. पाठीला ३२ चा चालतो. बैठक सतरा-अठरा इंच उंच आणि हात भक्कम हवेत. आजकालच्या बुटक्या, खोल सोफ्यात म्हातारं माणूस बसतं ते पडल्यासारखं आणि उठतं ते कुणी ओढल्यावर. खाली झाडू जाईल इतके पाय असावेत. रंग अगदी फिका नको, कारण त्यावर डाग दिसतो. अगदी गडद नको, कारण त्यावर धूळ दिसते. मुरमासारखा मिश्र रंग बरा. नकली चामडं दमट हवेत पुढेमागे पोपडे धरतं. घट्ट विणीचं कापड घ्यावं, चेनवाली कव्हरं असावीत, आणि धुवायची तेव्हा सगळी एकदम धुवावीत, म्हणजे फिकी पडली तरी सारखी फिकी पडतात.

“यह कपड़ा पच्चीस हज़ार रब का है,” मालक म्हणाले. यंत्रावर लोकरीच्या तुकड्याने कापड घासून ते किती घासण्यांनंतर विरतं, हे मोजतात. मी मनात गणित केलं. सात माणसं, प्रत्येकाची दिवसाला दहा वेळा उठबस, म्हणजे सत्तर. पंचवीस हजारांना सत्तरने भागलं. “अहो, हा तर वर्षभरही टिकणार नाही!” मी ओरडलो. “घासण्याचा हिशेब आहे, बसण्याचा नाही,” ते शांतपणे मराठीत म्हणाले. मग मी विचारलं की डागाचं काय? त्यांनी सांगितलं, कोरड्या फडक्याने टिपायचा, घासायचा नाही. घासला की पसरतो. चहाला आधी गार पाणी. हळदीच्या डागाला साबण लावून ऊन दाखवायचं. ऊनच तो पुसून टाकतं.

सोफा घरी आला. नातवाने पहिल्याच दिवशी वरण सांडून त्याचं उद्घाटन केलं. कव्हर निघालं, धुतलं, उन्हात वाळलं, परत चढलं. मी ही सगळी क्रिया मुद्दाम अण्णांसमोर, मोठमोठ्याने बोलत केली. अण्णा दाराजवळून म्हणाले, “छान आहे. असू दे नवीन आहे तोवर.” आणि तिथेच बसून राहिले.

मला वाटलं होतं, सोफा बदलला की ‘अरेरे’ पुसलं जाईल. कव्हर धुता येतं. बोललेलं धुवायची चेन कुठे असते?

तीन आठवड्यांनी एका दुपारी ते सोफ्याच्या कडेला बसले. खाली घडी केलेलं वर्तमानपत्र अंथरलेलं. मी काही बोललो नाही. दोन-तीन महिने ते वर्तमानपत्र तसंच चाललं. मग एक दिवस पाहिलं तर वर्तमानपत्र त्यांच्या हातात होतं आणि ते वाचत होते. तेव्हाही मी काही बोललो नाही. ही मात्र प्रगती होती; माझी.

आणि व्हायचं ते झालंच. परवा चहा पुन्हा सांडला. खरं सांगतो, ‘अरेरे’ अगदी गळ्यापर्यंत आलं होतं. ते गिळून मी विचारलं, “भाजलं का, अण्णा?”

“नाही रे,” ते म्हणाले. “पण हा सोफा...”

“सोफ्याला काय होतंय! तो धुवायचाच आहे.”

अण्णांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग रिकामा कप पुढे करून म्हणाले, “मग अर्धा आण अजून. सांडला तेवढा.”

तर मोठमोठे ग्रंथ न वाचता मला सुचलेलं नीतिशास्त्र एवढंच आहे: सांडल्यावर ज्याच्याआधी माणसाकडे बघता येईल, तोच सोफा आपल्या ऐपतीतला. बाकीचे सगळे महाग. मग ते फुकट मिळोत.

कव्हर धुतलं. एक फिकट वर्तुळ मात्र राहिलं आहे. पाहुणे येणार म्हटलं की सौ. अजूनही त्यावर एक उशी ठेवते. तत्त्वज्ञान आमच्या घरात एवढंच शिरलं आहे. तुम्ही कधी आलात तर खुशाल सोफ्यावर बसा. ती उशी तेवढी उचलू नका.