चित्रातील मिरवणूक आणि पाहणाऱ्याचे स्थान

दिलसुखनगर, मलकपेठ, सरूरनगर या आपल्या परिसरातील घरांच्या दिवाणखान्यांत अलीकडे एक चित्र वरचेवर आढळते. लालभडक भूमी, तिच्यावर रंगीत लुगडी नेसलेल्या स्त्रियांची रांग, त्यांच्या मस्तकी कडुलिंबाच्या डहाळ्यांनी सजविलेले घट, पुढे अंगभर हळद माखलेला व हाती आसूड घेतलेला पोतराजू, मागे वाजंत्री. चेरियालच्या नकाशी चित्रकारांनी रंगविलेली ही बोनालूची मिरवणूक होय. घरी आलेला पाहुणा चित्राची वाहवा करतो, किंमत विचारतो आणि चहाकडे वळतो. यात कोणाचे काही बिघडत नाही, असे सकृद्दर्शनी वाटते. तथापि एक प्रश्न उरतोच. देवाच्या मिरवणुकीचे चित्र भिंतीवर लावणारा मनुष्य त्या मिरवणुकीत असतो, की तिच्या बाहेर? आणि बाहेर असेल, तर देवाला भिंतीवर टांगून आपण स्वतः स्वस्थ बसण्याचा अधिकार त्यास कोणी दिला?

हा प्रश्न शब्दच्छल वाटू नये म्हणून ही चित्रे मूळची कशासाठी होती हे प्रथम पाहिले पाहिजे. चेरियाल हे आज सिद्दिपेट जिल्ह्यात, पूर्वी वरंगळ जिल्ह्यात मोडणारे गाव. तेथील नकाशी घराणी खादीच्या कापडावर चिंचोक्याची खळ, पांढरी माती व डिंक यांच्या मिश्रणाचे थरावर थर देत आणि ते वाळल्यावर कुंचल्याने थेट आकृती काढीत. पट सुमारे हातभर ते दोन हात रुंद, पण लांबीला तीस-चाळीस फुटांपर्यंतही जाई. तो भिंतीसाठी नव्हता, गुंडाळून खांद्यावर टाकण्यासाठी होता. कथेकरी तो घेऊन गावोगाव हिंडत, रात्री दोन खांबांच्या आधारे तो उलगडीत आणि एकेका पट्टीवर काठी ठेवून गाऊन कथा सांगत. प्रत्येक जातीची कथा निराळी व कथेकरीही निराळे. पद्मशाली विणकरांसाठी मार्कंडेय पुराण, परटांसाठी मडेल पुराण, गौडांसाठी त्यांचे गौड पुराण, अशी ही वाटणी होती. पटाच्या शिरोभागी गणपती असे, त्याच्या खाली कथा वाहत जाई, आणि तिच्यात लग्नाच्या वराती, देवीच्या जत्रा, राजांच्या स्वाऱ्या ओघानेच येत.

आता देवालयातील उत्सवाचे शास्त्र आठवावे. गाभाऱ्यातील मूर्ती अचल असते. ती कोणाकडे जात नाही. उत्सवमूर्ती मात्र चल, आणि ती पालखीत बसून बाहेर पडते ती कोणासाठी? जे आत येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. आजारी, वृद्ध, बाळंतीण यांच्यासाठी हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ज्यांना आपणच आत येऊ दिले नाही अशांचीही एक मोठी संख्या होती, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. पंढरपुरी चोखामेळ्याची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी, म्हणजे मंदिराबाहेरच आहे. विठोबाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. तोपर्यंत कित्येक पिढ्यांना देव भेटला तो रस्त्यात, आणि कित्येकांना तेथेही दुरूनच.

या दृष्टीने पाहिले म्हणजे कथेकऱ्याचा पट हीच एक मिरवणूक होती असे म्हणावे लागते. देव गुंडाळून खांद्यावर घ्यावा, ज्या वस्तीत देऊळ नाही, अथवा आहे पण दार बंद आहे, तेथे तो उलगडावा, आणि रात्र सरली की पुन्हा पुढच्या गावी न्यावा. पालखीचे भोई करतात तेच हे काम. येथे चित्र मिरवणुकीचे वर्णन करीत नव्हते, ती काढीत होते. भेद सूक्ष्म आहे, परंतु आपला सारा प्रश्न त्यातच आहे.

ही केवळ तेलुगू मुलुखाची गोष्ट नव्हे, हे आपल्या सभासदांस विशेषे सांगावेसे वाटते. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. तो ज्याच्या नावावर आहे त्या चालुक्य सोमेश्वराची राजधानी कल्याण, आजचे बसवकल्याण. पैठणच्या परिसरात मिळालेली चित्रकथीची चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत, आणि सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने ती कला आजवर राखली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पिंगुळीचे सोडले तर कल्याण, पैठण व चेरियाल ही तिन्ही स्थळे 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. भाषावार प्रांतरचनेने नकाशा फाडला, तेव्हा चित्रांच्या या गोतावळ्याचीही ताटातूट झाली. आपली आजोबा-पणजोबांची पिढी हे तिन्ही मुलूख एकाच तिजोरीच्या कारभारात पाहत होती.

चित्राच्या रचनेतही विचार करण्यासारखे काही आहे. पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रात जवळचा मनुष्य मोठा व दूरचा लहान दिसतो. कोणापासून जवळ? पाहणाऱ्यापासून. म्हणजे तेथे सर्व जगाची मापे पाहणाऱ्याच्या डोळ्यावरून ठरतात, जणू मिरवणूक त्याच्या सज्जापुढून जावी एवढ्यासाठीच निघाली आहे. चेरियालच्या पट्टीत असे नाही. तेथे रांगेतील पहिली घटवाली व शेवटची घटवाली सारख्याच उंचीच्या. देवी मोठी, कारण ती कथेत मोठी आहे, आपल्यापासून जवळ आहे म्हणून नव्हे. पाहणारा कोठे उभा आहे याची चित्रकाराला पर्वाच नाही. अशा चित्रापुढे उभे राहिले की आपल्या अहंकाराला बसायला पाट सापडत नाही. तेव्हा दोनच मार्ग उरतात. निघून जावे, अथवा रांगेत शिरावे.

येथवर आलेला वाचक म्हणेल की लेखक लोकचित्रकलेवर भाळला आहे. त्यासाठी दुसरी बाजूही मांडणे अवश्य आहे, आणि ती हलकी नाही. ज्या पटात रांगेतील बायका सारख्या उंचीच्या दिसतात, तोच पट एका जातीचा गौरव दुसऱ्या जातीहून वर ठेवण्यासाठी काढला जाई. जातिपुराणे ही समतेची गाणी नव्हेत. शिवाय कथा सांगणारे हे ऐकणाऱ्यांचे आश्रित, आणि त्यांचा मान त्यांच्या आश्रयदात्यांहून कमीच धरला जाई. आणि चित्रातील मिरवणूक प्रत्यक्षाहून नेहमीच नेटकी असते. इरावती कर्वे पंढरीच्या वारीत चालल्या व ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी आपले शल्य लिहून ठेवले. एकाच दिंडीतले ब्राह्मण व मराठे गात एकत्र, पण जेवत वेगळे. त्या वारीचे चित्र कोणी काढले असते तर त्यात पताका आल्या असत्या, टाळ आले असते, डोईवर तुळस घेतलेल्या बायाही आल्या असत्या. दोन वेगळ्या चुली मात्र आल्या नसत्या. मग असे चित्र भिंतीवर लावून आपण भक्तीचे स्मरण ठेवतो, की विसराळूपणाची सोय करतो?

माझ्या मते दोष चित्राचा नाही. मिरवणूक जशी असते तशी दाखविण्याचे काम छायाचित्र करू शकते. पटकाराने ती जशी असावी तशी काढली, हे खोटे बोलणे नव्हे. नवस बोलणारा जसे जे घडले नाही ते बोलतो, तसेच हे. खोटेपणा तेव्हा शिरतो, जेव्हा पाहणारा ‘असावी’ला ‘आहे’ समजून समाधान मानतो. अपुऱ्या राहिलेल्या नवसाची आठवण म्हणून चित्र पाहिले, तर त्यातील सारख्या उंचीच्या बायकाच आपल्याला दोन चुलींचा जाब विचारतील.

राहिला चौकटीचा प्रश्न. पट हिंडता होता तोवर तो देवासारखा वागविला जाई. राजस्थानात पाबूजीच्या फडीवर देवतेचा डोळा सर्वांत शेवटी रेखतात, त्यानंतर ती फड जागृत मानतात, आणि जीर्ण झाली की पुष्करच्या तळ्यात विसर्जित करतात. याला तिकडे फड ‘ठंडी’ करणे म्हणतात. तेलंगणातही जुने पट विधिपूर्वक नदीला अर्पण करण्याची चाल होती. म्हणून फार जुने पट आज थोडेच सापडतात, आणि जे वाचले ते संग्राहकांनी वाचविले. आपल्याच शहरात जगदीश व कमला मित्तल यांच्या संग्रहालयाने या चित्रांचा अभ्यास व जतन केले, हे उपकार विसरता येत नाहीत. पण ज्याने पट नदीला दिला तो अडाणी आणि ज्याने काचेत ठेवला तो शहाणा, असा निवाडा घाईचा होईल. एकाने देवाला जाऊ दिले, दुसऱ्याने त्याची खूण राखली. गणपती विसर्जित करणाऱ्या आपल्यासारख्यांस यातील पहिल्याचे मन कळावयास हरकत नाही.

आता कथेकरी राहिले नाहीत असे म्हटले तरी चालेल. चित्रपट आला, दूरचित्रवाणी आली, रात्रभर बसणारे श्रोते गेले. नकाशी चित्र काढणारी घराणी बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. चाळीस फुटी पट आज कोण विकत घेणार? म्हणून चित्रकाराने पटातील एक पट्टी कापावी तशी एक मिरवणूक उचलली, हातभर चौकटीत बसविली आणि शहराच्या बाजारात आणली. जो धर्मनिष्ठ मनुष्य म्हणेल की देवाचे चित्र शोभेसाठी विकत घेणे पाप आहे, त्याने हेही सांगावे की मग चित्रकाराच्या घरी चूल कशाने पेटावी. शोभेच्या गिऱ्हाइकानेच आज ही कला जिवंत ठेवली आहे. हे कबूल करणे धर्मबुद्धीला थोडे बोचते, तरी ते खरे आहे. मात्र दुकानात उभे राहून देवीच्या मिरवणुकीच्या किमतीत शंभर रुपयांची घासाघीस करणारे आपल्यातलेच सद्गृहस्थ दिवाळीत झुंबराच्या किमतीला हूं की चूं करीत नाहीत, हेही खरे आहे.

चौकटीतील चित्र पुन्हा चालते करता येईल काय? एक गोष्ट सुचवावीशी वाटते. चित्र घेताना विकणाऱ्यास त्यातील कथा विचारावी, ती लिहून ठेवावी, आणि निदान आषाढात एकदा घरच्या मुलांपुढे व शेजाऱ्यांपुढे सांगावी. आपला आषाढ आणि तेलुगू आषाढ एकच, दोन्ही पंचांगे अमान्त. ज्या महिन्यात पंढरीच्या वाटेवर बाया डोईवर तुळशीवृंदावन घेऊन चालतात, त्याच महिन्यात गोवळकोंड्यापासून सिकंदराबाद व लाल दरवाज्यापर्यंत बाया डोईवर बोनम घेऊन चालतात. बोनम म्हणजे भोजन. देवीसाठी शिजविलेला भात, गूळ, दही आणि वर तेवता दिवा. एकीच्या मस्तकी देवाची तुळस, दुसरीच्या मस्तकी देवीचा नैवेद्य. आपल्याकडील मरीआईचा पोतराज व त्यांचा पोतराजू यांचे नाते सांगायला तर विद्वानाची गरज नाही, आसूड पाहिला की पुरे.

दिलसुखनगरच्या साईमंदिरात तेलुगू भक्त मराठी आरत्या मुखोद्गत म्हणतात. पुष्कळांस त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ लागत नसेल, तरी टाळी चुकत नाही. ते आपल्या भाषेच्या रांगेत कधीचे येऊन उभे आहेत. बोनालूच्या दिवशी आपण मात्र बहुधा गच्चीवर असतो, हाती भ्रमणध्वनी धरून, वरून खाली पाहत. तेथून घट दिसतात, दिवे दिसतात, वाजंत्रीही ऐकू येते. मस्तकी घट घेतलेल्या बाईला वर पाहता येत नाही, त्यामुळे आपण तेथे आहोत हे तिला ठाऊकही नसते. आमच्या गल्लीत दरवर्षी ती मिरवणूक कोपऱ्यावर थोडा वेळ थांबते, आणि घरोघरच्या सुना पाण्याचे तांबे घेऊन खाली उतरतात, घट घेऊन आलेल्या बायकांच्या पायांवर पाणी घालतात. त्या सुनांत मराठी किती होत्या, हे येत्या आषाढात मोजून पाहावयाचे आहे.