विषाद, व्याधी आणि गीतेचा आश्रय

श्रीमद्भगवद्गीतेच्या आरंभी शंखांचा घोष आहे खरा. परंतु तिच्या पहिल्या अध्यायाला नाव लाभले ते युद्धावरून नव्हे, एका महावीराच्या विषादावरून. अर्जुनाची गात्रे शिथिल होतात, मुखाला कोरड पडते, देहाला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, गांडीव हातातून निसटू लागते, आणि हे सारे तो स्वतःच्या मुखाने सांगतो. मनाचा क्लेश शरीरावर कसा उमटतो, याचे इतके रेखीव वर्णन अन्यत्र क्वचितच आढळेल.

तथापि एवढ्यावरून अर्जुनाला नैराश्याचा रोग जडला होता, असे म्हणण्याची जी प्रथा अलीकडे पडली आहे, ती ग्राह्य नाही. अर्जुनाचा विषाद घटकाभरात उद्भवला. त्याचे कारण समोर उभे होते. आणि त्याच्या पोटात धर्माधर्माचा प्रश्न होता. वैद्यकशास्त्र ज्याला नैराश्यविकार म्हणते, तो निदान दोन आठवडे, बहुतेक दिवसभर मन झाकोळून ठेवतो. निद्रा आणि क्षुधा बिघडतात, प्रिय गोष्टींतील रस आटतो, आपण कोणाच्याच उपयोगाचे नाही असे वाटते, प्रसंगी मरणाचे विचार येतात. दाखविण्याजोगे कारण असतेच असे नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे गीतेचेच नाव घेऊन कित्येक घरांत अनर्थ घडतो.

एखादे सश्रद्ध कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. वडिलांचा गीतापाठ एक दिवसही चुकलेला नाही. तरुण मुलगा मात्र पहाटे तीनलाच जागा होतो, भरल्या ताटावरून उठतो, कोणाशी बोलत नाही. घरची मंडळी म्हणतात, “भगवंतांनी अर्जुनाला मनाची दुर्बलता टाकून उठायला सांगितले, तूही ऊठ.” कोणी सहाव्या अध्यायाचा आधार देऊन सांगतो, की ज्याने त्याने स्वतःचा उद्धार स्वतःच करावयाचा असतो. मुलगा स्वतःला आधीच अपराधी समजत असतो. आता आपली भक्तीही खोटी, अशी त्याची समजूत होते. आणि वैद्याकडे जाणे म्हणजे श्रद्धेला उणेपणा, म्हणून तो मार्गही बंद होतो!

ज्या श्लोकांचा असा उपयोग होतो, त्यांच्या आधी काय घडले ते पाहावे. रथ दोन्ही सैन्यांमध्ये उभा केल्यावर, जमलेल्या कौरवांना पाहा, एवढेच भगवंत बोलतात. पुढे पहिला अध्याय संपेपर्यंत त्यांचा एकही शब्द नाही. अर्जुन बोलतो, त्याच त्या गोष्टी फिरून बोलतो, अखेर धनुष्य टाकून रथात बसतो. सर्वज्ञ प्रभूंना त्याचे मन कळले नव्हते काय? तरीही त्यांनी ते त्याला पुरते बोलू दिले. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन कठोर श्लोक येतात, हे खरे.  परंतु त्या शब्दांनीही अर्जुन उठला नाही. त्याने पुन्हा आपले दुःख मांडले, शिष्य म्हणून शरण आला, आणि युद्ध करणार नाही असे सांगून स्तब्ध झाला. त्यानंतर भगवंतांनी स्मितमुखाने उपदेश आरंभिला, तो अठराव्या अध्यायापर्यंत चालला. घरातील वडीलधाऱ्यांनी मात्र ते दोन श्लोक तेवढे उचलले!

येथे कोणी शंका घेईल, की अठराव्या अध्यायात विषादी कर्ता तामस म्हटला आहे. उत्तर असे, की तेथे कर्त्याच्या स्वभावाचा विचार आहे, व्याधीचा नव्हे. ज्वराने हात कापणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही.

आयुर्वेदाची दृष्टीही हीच आहे. वात, पित्त, कफ हे शरीराचे दोष, तसे रज आणि तम हे मनाचे, असे चरकसंहिता सांगते. मन आवरून धरण्याच्या उपचाराला ती सत्त्वावजय म्हणते. पण त्याच्या शेजारीच औषध व आहार यांची युक्तिव्यपाश्रय चिकित्सा ठेवते. एकाने दुसरी रद्द होत नाही. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद अग्रगण्य, हेही चरकांचेच मत आहे. सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब यांवरील तिचा गुण शास्त्रीय रीतीने मांडला; १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. पुढे तेच औषध घेणाऱ्या काहींना उदासीनता आल्याचे वैद्यांनी नोंदविले. वनस्पती आपल्या देशाची, म्हणून ती ऐकीव माहितीवर घ्यावी असे नाही, हे यावरून उघड होते.

आजची नैराश्यावरील औषधे लागू पडण्यास काही आठवडे घेतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, ती मनानेच बंद करणे घातक ठरते. कंठस्थ ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, स्राव कमी पडला तरी मन असेच खिन्न होते. म्हणून आधी परीक्षा हवी. सौम्य विकारात नुसत्या शास्त्रोक्त संवादचिकित्सेनेही गुण येतो. सहाव्या अध्यायातील आहार, विहार आणि निद्रा यांचे प्रमाण या सर्वांना पोषकच आहे. पाठ सोडावा असे कोणताही वैद्य म्हणणार नाही.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. विकारपरत्वे सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, आत्मघाताचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी शुश्रूषा देऊ केली. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते. मरणाची भाषा कानी पडली, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि दुसऱ्या दिवसाची वाटही पाहू नये.

उपदेश संपल्यावर भगवंतांनी काय केले, हे पाठ करणाऱ्यांच्याही नजरेतून बहुधा निसटते. सर्वाचा विचार करून मग इच्छेस येईल तसे कर, असे त्यांनी सांगितले. पुढे आणखी थांबून विचारले, की एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, अज्ञानाचा मोह गेला ना? मोह गेला हे अर्जुनाने स्वतः सांगितले. भगवंतांनी ते त्याच्या वतीने ठरविले नाही.