बेकाराचा हक्क

होटगी जंक्शनावर गाडीची वाट पाहत बसले असता, विजापूरकडून सोलापुरास कामाच्या शोधार्थ निघालेले एखादे कुटुंब दृष्टीस पडते, यात नवल नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. काम न मिळाल्यास यांनी खावे काय, हा प्रश्न आपण दैवावर किंवा कोणाच्या तरी कनवाळूपणावर सोपवून मोकळे होतो. बेकाराला मिळणारे साहाय्य ही भूतदया की त्याचा हक्क, याचा विचार केला पाहिजे.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे लोकांच्या तोंडची जुनी गिरणी, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये मध्यवर्ती सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. ओढवलेली बेकारी हे त्याचे एक कारण होते. त्या वटहुकुमाचा पुढे कायदा झाला. भागधारक न्यायालयात गेले, आणि १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने मालमत्तेच्या मूलभूत हक्काच्या आधारे तो कायदा घटनाबाह्य ठरविला. भागधारकाला दाद मागता आली, हे योग्यच झाले. परंतु बेकारीच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य देण्याविषयीचे घटनेचे ४१ वे कलम पडले मार्गदर्शक तत्त्वांत. त्याच्या बळावर कामगाराला न्यायालयाचे दार ठोठावता येत नाही. एकाच गिरणीत पैसा घालणाऱ्यास हक्क, आणि आयुष्य घालणाऱ्यास नुसते तत्त्व!

घरबसल्या पैसा मिळाल्यास मनुष्य आळशी होतो, असे कित्येकांचे म्हणणे आहे. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हे. परंतु इंग्लंडात १९११ च्या कायद्याने जो बेकारीचा विमा आला, त्यात कामगारही वर्गणी भरीत असे. आणि महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने तर पैशाआधी कामच देऊ केले. शिवाय एखादा व्यापारी लबाड निघाला, म्हणून आगीचा विमा कोणी मोडीत काढीत नाही.

उणीव आहे ती निराळीच. रोजगार हमी खेड्यातील अंगमेहनतीपुरती. मागावरच्या विणकराच्या ती कामाची नव्हे. कामगार राज्य विमा योजनेत २००५ पासून बेकारी भत्ता आला खरा. पण ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्याच्या वाट्याला तो येत नाही. म्हणजे गरज जितकी मोठी, तितका आधार तोकडा.

फलाटावरचे ते कुटुंब काम मागावयास निघालेले असते. समाजाला ते देता आले नाही, तर मधल्या दिवसांची भाकरी त्याने मान खाली घालून खावी, असे म्हणण्याचा अधिकार आम्हां पोटभर जेवणाऱ्यांस कोणी दिला?